कारवीच्या बहराचा हिशेब

मेट्रोने दहिसरहून निघालं की गाडीतला आवाज पाड्यांची नावं घेऊ लागतो. एका मार्गावर ओवरीपाडा, राष्ट्रीय उद्यान, देवीपाडा. दुसऱ्यावर आनंदनगर, कांदरपाडा, मंडपेश्वर. २०२२ च्या गुढीपाडव्याला हे मार्ग सुरू झाले आणि जन्मात पाडा न पाहिलेली माणसंसुद्धा ‘ओवरीपाड्याला उतर’ असं फोनवर सहज सांगू लागली. सगळेच पाडे आदिवासींचे होते असं नाही. काही आगऱ्यांचे, काही भंडाऱ्यांचे, काही ईस्ट इंडियन ख्रिस्तींचे. पण डोंगराला टेकलेले आणि त्याच्याही मागे रानात शिरलेले जे पाडे आहेत, तिथली जुनी वस्ती वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी यांची. त्यांच्यातले बरेचसे पाडे मेट्रोच्या आवाजात येत नाहीत, कारण तिथवर रस्ताच धड जात नाही.

दहिसर पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडी यांच्यामध्ये चेपून बसलेलं गाव. नदी तुळशी तलावाकडच्या रानातून येते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द इथवर सरकली; त्याआधी हे महापालिकेच्या बाहेरचं, भातशेतीचं गाव. मंडपेश्वरची लेणी पुस्तकांत आहेत, लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीज पाद्र्यांनी उभारलेल्या चर्चचे अवशेष पुस्तकांत आहेत, चिमाजी अप्पाने १७३९ साली वसई घेतली तेही आहे. पूर्वेच्या डोंगराच्या उतारावर गवत कापणाऱ्यांचा इतिहास मात्र शोधावा लागतो, आणि तो पुस्तकांत सापडत नाही.

आमचं बिऱ्हाड सत्तरच्या दशकात दहिसर पूर्वेला आलं. आजी राजापूरकडची. तिला मुंबईतलं काहीच पसंत नव्हतं. पाणी नाही, हवा नाही, मासे तर नाहीतच. पसंत होती ती एकच गोष्ट. जूनच्या पहिल्या सरींनंतर स्टेशनच्या रस्त्यावर पळसाच्या पानांवर मांडलेली रानभाजी. शेवळं, कवळा, टाकळा, कुर्डू, पुढे श्रावणाकडे करटुली. ती घेऊन बसणारी मावशी डोंगरातल्या पाड्यावरून डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची. तेव्हा ती ऐन पंचविशी-तिशीतली असेल. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो, आजी तिला ‘गो बाय’ म्हणायची, आणि ती आजीला ‘बाई’.

शेवळं घेतली की मावशी वरून मूठभर काकडं टाकायची. ही काकडं म्हणजे आपली काकडी नव्हे; काकडाच्या झाडाची हिरवी, आंबट, बोराएवढी फळं. शेवळाला खाज असते. काकडाचा रस पडल्याशिवाय ती भाजी घशाला सोडत नाही. दोन्ही एकाच सुमाराला रानात तयार होतात. कोकणातून आलेल्या आजीला हे ठाऊक होतं, पण शेजारच्या काकूंना नव्हतं. त्यांनी एकदा काकडं फेकून दिली आणि दुसऱ्या दिवशी मावशीशी भांडायला गेल्या. मावशी म्हणाली, ‘‘भाजीचं अर्धं फेकलंस, न मला बोलतेस?’’ मला त्या वयात भांडणाची मजा वाटली होती. आता वाटतं, ज्याला आपण पारंपरिक ज्ञान असं भारदस्त नाव देतो, ते बहुतेकदा असंच असतं. कशाबरोबर काय खायचं, कोणता कंद राख घालून उकडायचा, मग वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायचा, आणि हे सगळं चुकलं तर काय होतं. कडूकंद नीट न करता खाल्लेल्या माणसाला व्याख्यान द्यावं लागत नाही.

आजीने एकदा तिला विचारलं, ‘‘वय काय गो तुझं?’’

मावशीने जमिनीपासून वर, गुडघ्याशी हात धरला. ‘‘मोठी कारवी फुलली ना, तवा मी येवढी. आईच्या कमरेवर बसून बघितली.’’

आजीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ती स्वतः ‘प्लेगच्या साली’ आणि ‘वादळाच्या वर्षी’ यांवरच आयुष्य मोजत होती. शाळेत जाणाऱ्या मला मात्र हसू आलं. फुलावरून कुठे वय मोजतात!

कारवी मोजू देते. राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर ही कमरेएवढी-पुरुषभर उंचीची झुडपं दाट माजलेली असतात. सात वर्षं नुसती पानं. आठव्या वर्षी, पावसाळा उतरताना, अख्खा उतार निळा-जांभळा होतो. मधमाश्या वेड्या होतात. मग फळं धरतात, झुडूप वाळून मरतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सुकी बोंडं तडतडून फुटतात. बोरिवलीच्या रानात २०००, २००८, २०१६ आणि २०२४ साली असा बहर आला. आता उद्यानात कारवी पाहायच्या सहली निघतात, कॅमेरे येतात, वर्तमानपत्रांत जांभळी छायाचित्रं छापून येतात.

पाड्यावर कारवीचा उपयोग वेगळा. तिच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून, आडव्या बांबूंना बांधून कूड करायचा, वरून शेण-माती लिंपायची. झाली भिंत. त्या भिंतीवर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाने चौक. जगभर गेलेलं वारली चित्र मुळात कारवीच्या काठ्यांवर उभं आहे, हे फार कमी लोक सांगतात.

लग्नाचा चौक सवाशिणी लिहायच्या. चित्र काढणं म्हणत नाहीत, चौक लिहिणं म्हणतात. मधोमध पालघट देवी, शेजारी छोट्या चौकात पंचशिऱ्या. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नसे. आणि लग्न लावणारी भटजी नव्हे, धवलेरी. ती गाणी म्हणते, गाण्यातून देवांना बोलावते. चित्र आणि गाणं हे एकच काम होतं आणि ते बायकांचं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा मशे यांनी नुसत्या लग्नाच्या चौकापुरतं न थांबता मासेमारी, पेरणी, वारूळ, जाळं, आगगाडी, सगळं काढलं. १९७५ साली त्यांची चित्रं मुंबईत लागली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली ते गेले. मोठा माणूस. पण त्यांच्यापासून एक गोष्ट घडली जिची चर्चा होत नाही. ब्रश पुरुषांच्या हातात आला, बाजार आला, आणि चौकाची गाणी मागे राहिली. चित्र विकता येतं. गाणं कोण घेणार?

मावशीच्या आईने तिला चौक शिकवला होता. आईच्या आईने काय शिकवलं हे मावशी सांगते तेव्हा त्यात खोत येतो. कंपनी सरकारच्या काळापासून साष्टीतली गावंच्या गावं खोतीने दिलेली होती. ती व्यवस्था १९५१ च्या कायद्याने मोडली. खोताचं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गाडीवर चढवायच्या. मुंबईच्या घोड्यांना, तबेल्यांना गवत लागायचं. मजुरी काय मिळायची असं विचारलं तर मावशी म्हणते, ‘‘कधी भात, कधी शिवी.’’ तिच्या नवऱ्याकडचे लोक तलासरीच्या बाजूचे. त्यांच्या गोष्टी याहून काळ्या आहेत. लग्नासाठी सावकाराकडून शेपन्नास रुपये घ्यायचे आणि नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला, पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिलं आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मावशीच्या नवऱ्याने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं. पण ‘लाल बावट्याची बाई’ त्याच्या आजोळच्या अंगणात बसून गेली, हे तो आदल्या दिवशी घडल्यासारखं सांगायचा.

मग शहर आलं. डोंगराचं राखीव रान राष्ट्रीय उद्यान झालं, तिकडे गोरेगावला आरे वसाहत झाली, तिच्या गोठ्यांचं आणि गवताचं राज्य पाड्यांभोवती पसरलं. पुढे फिल्मसिटी आली. दहिसरला चाळी, मग झोपड्या, मग टॉवर. नव्वदीत रानातल्या अतिक्रमणांचा खटला उच्च न्यायालयात गेला आणि १९९७ साली ती हटवण्याचा आदेश झाला. रानाच्या दृष्टीने ते आवश्यक होतं, हे मी मानतो. त्या खटल्यावाचून आज उद्यानाच्या जागी काय असतं ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पण त्या यादीत परवाचा झोपडीवाला आणि सात पिढ्यांचा पाडेकरी यांची नावं एकाच रांगेत बसली. पुरावा आणा, असं दोघांनाही सांगण्यात आलं. झोपडीवाल्याकडे निदान रेशनकार्ड होतं.

पुराव्याचा प्रश्न मुंबईच्या आदिवासीला दोन बाजूंनी येतो. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख. त्या दिवशी तुमचे वाडवडील कुठे राहत होते ते दाखवा. ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? दुसरी बाजू जमिनीची. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेला ‘पेसा’ कायद्याचा आधार आहे. मुंबईत नाही. इथला वारली हा कायद्याच्या नजरेत शहरी माणूस, फक्त त्याच्या दारात बिबट्या येतो.

मावशीच्या नातीची ओळख मला नीट झाली ती या दाखल्यामुळे. मुलगी बोरिवलीला कॉलेजात, हुशार, थोडी तिरसट. प्रवेशाच्या वेळी कागद अडला. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत. एका बाबूने तिला विचारलं, ‘‘तुम्ही मुंबईत कधी आलात?’’ ती म्हणाली, ‘‘आम्ही नाही आलो, मुंबई आली.’’ उत्तर झकास होतं, काम झालं नाही.

त्या वर्षी पाड्यावरची काही पोरं वनहक्क कायद्याचं पुस्तक घेऊन बसली होती. २००६ चा कायदा, २००८ चे नियम. पुराव्यांच्या यादीत सरकारी नोंदी, नकाशे, पावत्या हे सगळं येतंच. पण त्याच यादीत पुढे आणखी काही आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थानं यांसारख्या जुन्या खुणा. पूर्वजांपर्यंत नेणारी वंशावळ. आणि दावा करणारा सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं निवेदन. म्हणजे म्हातारा-म्हातारीची गोष्ट हा भारताच्या नियमांत पुरावा आहे. मला हे वाचून गंमत वाटली आणि थोडी चीडही आली. इतकी वर्षं जे सांगत होते त्यांना ‘गप्पा मारू नका, कागद दाखवा’ म्हटलं, आणि शेवटी कागदच म्हणाला, गप्पा आणा.

पोरांनी गप्पा आणायला सुरुवात केली. मोबाइल, एक वही, आणि रविवारची दुपार. कुठली संस्था नाही, फलक नाही, टी-शर्ट नाही. पाड्यावरची म्हातारी माणसं एकेक करून ओसरीवर बसवायची आणि विचारायचं. विहीर कोणी खणली? पहिलं घर कुणाचं? माणूस मेला की कुठे पुरायचे? वाघोबा कुठे होता? पहिल्या काही रविवारी सगळं विस्कळीत. म्हाताऱ्यांना ‘कधी’ या प्रश्नाचा अर्थच लागत नव्हता. खूप झालं, लय दिवस झाले, तुझा बाप नव्हता तवा.

तिथे नातीला कारवी सुचली. आजी सगळं कारवीवर सांगते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, जसं मला होतं. फरक इतकाच की मी हसलो होतो, तिने वहीत उभी रेघ मारून खाली आकडे लिहिले. २०२४, २०१६, २००८, २०००. तिथून मागे आठ-आठ वर्षांनी: १९९२, १९८४, १९७६, १९६८, १९६०, १९५२, १९४४. मग प्रत्येकाला विचारायचं, लग्न कोणत्या बहराला? पहिलं पोर? बाप मेला तेव्हा कारवी हिरवी होती की सुकलेली? आणि म्हातारी माणसं बोलू लागली. हा प्रश्न त्यांचा होता. बहराआधी एक पावसाळा, बहरानंतर दोन, बोंडं तडकत होती तेव्हा. मावशीने आईच्या कमरेवर बसून पाहिलेला बहर १९५२ चा धरला तर तिचा जन्म एकोणपन्नास-पन्नासचा. थोरला भाऊ तेव्हा गुरांमागे जायचा. आणि आई ज्या बहराला नवरी होऊन पाड्यावर आली तो त्याच्या आदला, १९४४ चा. म्हणजे ६ सप्टेंबर १९५० ला हे कुटुंब या डोंगरात होतं, आणि आधीपासून होतं.

कारवी काही सरकारी घड्याळ नाही. एखादा उतार वर्षभर आधी फुलतो, एखादा मागे राहतो. म्हणून पोरांनी दुसऱ्या खुंट्या शोधल्या. मावशीची आत्या गोरेगावच्या बाजूला दिली होती. तिच्या लग्नात ‘सरकारी म्हशी नव्या नव्या आल्या होत्या’. आरे वसाहतीचं उद्घाटन १९५१ चं. जुळलं. दहिसरला महापालिका आली, २६ जुलैच्या पुरात नदीने काय काय नेलं, हेही खुंट्यांसारखंच वापरलं. कचेरी कारवीचा हिशेब मान्य करील असा भाबडेपणा कुणातच नाही. मुंबईतल्या पाड्यांवर वनहक्काचं काम आधीच रखडत चाललेलं. पण निवेदन लिहायचं तर त्यात क्रम लागतो, आणि तो क्रम आता लागला.

माझं लक्ष वेधून घेतलं ते पुढच्या गोष्टीने. कागदासाठी म्हणून बसलेली पोरं कागदाचं काम संपल्यावरही बसत राहिली. दफनभूमी कुठे, हे विचारताना मयताची गाणी निघाली. पहिलं घर कसं होतं, हे विचारताना कूड कसा बांधतात ते निघालं. आता कारवी तोडायला बंदी आहे, घरं विटांची-पत्र्याची झाली आहेत. चौक लिहायला भिंतच नाही. एका लग्नात मावशीने प्लायवूडच्या फळीवर गेरू लावून चौक लिहिला. नातीला तिने चौक शिकवायचं कबूल केलं ते एका अटीवर: आधी गाणं, मग रेघ. पोरगी वैतागली. तिला चित्र आधीपासून येत होतं, इन्स्टावर टाकायची. गाणं लांबलचक, अर्धे शब्द न कळणारे. पण मावशी हलली नाही. गाणं म्हणताना पिठात बुडवलेली काडी कुठे जाते ते गाणंच सांगतं, असं तिचं म्हणणं. वारली गाणी छापूनही ठेवलेली आहेत. कविता महाजन यांनी संकलित केलेलं ‘वारली लोकगीते’ साहित्य अकादमीने काढलं आहे, आणि ते मोलाचं काम आहे. नातीने ते वाचनालयातून आणलं, आजीला वाचून दाखवलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘ही त्यांच्याकडची. आमच्याकडची येगळी.’’ मग तिने आपली म्हटली.

मॉलमध्ये, सोसायट्यांच्या गच्च्यांवर जी दोन तासांची ‘वारली वर्कशॉप’ होतात, त्यांच्याबद्दल मी फार वाईट बोलू नये. किटलीवर त्रिकोणी माणसं काढून कुणाचं नुकसान होत नाही. पण दहिसरमधल्या एका सभागृहात अशी शिकवणी चालू असताना शिकवणारी बाई कोण, हे मी विचारलं, आणि ती वारली नव्हती; खिडकीतून डोंगर दिसत होता. डहाणूच्या बाजूला हेच दुखणं ओळखून तरुण पोरांनी वेगळी वाट धरली. आदिवासी युवा शक्ती, ज्याला सगळे ‘आयुश’ म्हणतात, या नावाने नोकरदार-इंजिनिअर झालेली आदिवासी मुलं एकत्र आली. आणि आदिवासी युवा सेवा संघाच्या नावाने २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. निदान आता कुणी दूरचा कारखाना ‘अस्सल वारली’ म्हणून छापायला लागला तर त्याला विचारता तरी येतं.

शिकणं मुलाच्या जगातच व्हावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबादच्या टेकडीवर गेल्या. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. शाळा मुलाच्या मागे जाते ही कल्पना तिथली. नंतर आलेल्या निवासी आश्रमशाळांनी नेमकं उलटं केलं. मूल सहाव्या-सातव्या वर्षी घरातून उचललं आणि जूनपासून एप्रिलपर्यंत आजीपासून लांब ठेवलं. शेवळं जूनमध्ये येतात, तारपा भात पिकल्यावर वाजतो, वाघबारस दिवाळीच्या तोंडावर. वर्षातलं जे जे शिकायचं, ते मूल वसतिगृहात असताना होऊन जातं. आश्रमशाळेने पुष्कळांना अन्न आणि अक्षर दिलं, ते नाकारत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ साली बालवाड्या काढल्या आणि त्यांत शिकवायला आजीआजोबांनाच बसवलं, कारण भाषा त्यांनाच येत होती, मधल्या पिढीला नाही. ‘कोहांगा रेओ’ म्हणतात त्यांना. मला ते वाचताना मावशीचा चेहरा आठवला. तिला कुणी शाळेत बसवलं, तर ती पहिल्या दिवशी मास्तरला भाजी निवडायला लावील.

पाड्यावर तारपा वाजवणारे एक बाबा उरले आहेत. सुकवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा, जोडांना मेण. श्वास तोडायचा नाही, हा त्यातला अवघड भाग. गाल फुगवून हवा साठवत नाकाने ओढत राहायचं. तारपकरी मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती, आणि तो वळेल तसं वळायचं, त्याच्याकडे पाठ करायची नाही. आताच्या लग्नांत तारप्याची धून कीबोर्डवर काढून डीजेवर वाजते. पोरं बेफाम नाचतात. बाबांना मी विचारलं, राग येत नाही? ते म्हणाले, ‘‘चाल आपलीच हाय. फक्त त्याला दम लागत नाय.’’ आरेतल्या केळतीपाड्याचे प्रकाश भोईर यांनी तर ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप करणाऱ्या पोरांबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. जंगल, जमीन, १९४५ चं बंड, सगळं रॅपमध्ये. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत एका रात्रीपासून पुढे दोनेक हजार झाडं पडली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत. त्या दिवसांत शहरातल्या कितीतरी मुलांनी आरेत पाडे आहेत हे पहिल्यांदा ऐकलं, आणि काहींनी ते गाण्यातूनच ऐकलं. मला रॅप कळत नाही. पाड्यावरच्या पोरांना पाठ आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, तारप्यामागून तेही वाजतं.

वाघोबाचं राहिलं. बाबांची गोष्ट अशी. एका कुमारिकेला मूल झालं. गावाने नावं ठेवली. मूल वाढलं ते कधी माणूस, कधी वाघ. गावाची गुरं मारू लागलं. लोक चिडून मारायला उठले तेव्हा आईने मधे पडून तोड काढली. तू गावात यायचं नाही, शिवेवर बसायचं; गावाने वर्षातून एकदा तुझं द्यायचं. तेव्हापासून शेंदूर फासलेला वाघोबा शिवेवर असतो आणि वाघबारशीला त्याचा मान होतो. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर या भागांतली दीडशेहून जास्त वाघोबाची ठाणी वन्यजीव अभ्यासकांनी नोंदली. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं पटापट गेली तेव्हा शहर पिंजरे मागत होतं. पुढे वनखात्याने आणि अभ्यासकांनी वस्त्यांमधून सांगायला सुरुवात केली: कचरा टाकू नका, रात्री पोरांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून घेरू नका. म्हणजे, तू तुझ्या जागी, आम्ही आमच्या. त्या आईने घातलेली अटच जवळपास.

निवेदनात वाघोबाचं ठाणं लिहायचं होतं, कारण देवस्थान हा पुरावा. मागच्या वाघबारशीला पोरं वही घेऊन बाबांकडे आणि मावशीकडे एकदम गेली, आणि तिथेच घोटाळा झाला. आता आहे तो दगड नंतर हलवलेला, यावर दोघांचं एकमत. मुळात कुठे होता, यावर नाही.

‘‘वडाखाली,’’ बाबा म्हणाले. ‘‘माझा बाप तिथं कोंबडा द्यायचा.’’

‘‘तुझा बाप आळशी. वड जवळ म्हणून तिथं द्यायचा,’’ मावशी म्हणाली. ‘‘ठाणं ओढ्यापलीकडं. माझ्या आयशीनं दाखवलंय.’’

‘‘आयस तुझी बाहेरून आलेली. तिला काय ठावं?’’

‘‘नवरी आली तवाच पाया पडायला नेली ना तिला! तुला कोणी नेलता?’’

हे अर्धा तास चाललं. मधे चहा झाला. पोरांपैकी एकाने सुचवलं की कुठलं तरी एक लिहू, कचेरीत कोण बघायला येणार आहे. त्यावर ही दोघं एकमेकांना सोडून त्याच्यावर घसरली. नातीने मग दोघांना उठवलं, चालवत आधी वडाखाली नेलं, मग ओढ्यापलीकडे, दोन्हीकडचं मोबाइलवर ठिकाण टिपलं आणि फोटो काढले. ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत शेंदराचा जुनाट थर असलेला एक दगड निघाला. मावशीने विजयाने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, हा गुरांच्या देवाचा.

वहीत त्या दिवसाची नोंद मी वाचली. सुबक अक्षर, निळी शाई. ‘वाघोबाचे मूळ ठाणे. बाबांचे म्हणणे: वडाखाली. आजीचे म्हणणे: ओढ्यापलीकडे. दोन्ही लिहावे. दोघांच्या सह्या घेणे बाकी.’